गाठ पोटातली, वाद गळ्याचा

अंडाशयातली एक गाठ काढली. तपासणीत कळलं, की ती आतून थायरॉइडची आहे. गळ्यात जी ग्रंथी असते तिचीच ऊती, पण वाढली ओटीपोटात. आणखी बारकाईनं पाहिल्यावर त्या ऊतीत कॅन्सर दिसला. गाठ तर गेली. आता त्या बाईच्या गळ्यातली, नीट काम करणारी थायरॉइडही काढून टाकायची का?

आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. वहिनी डोंबिवलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असं असतं. माझा धाकटा भाऊ ठाण्यात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया करतो. तो म्हणतो, काढा, आणि उगाच रेंगाळू नका. मी एकीची नणंद, दुसऱ्याची बहीण. डॉक्टर नाही, पण कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवलंय, तेव्हा मध्ये तोंड घालायचा हक्क मी बजावते. वहिनी त्याला भाऊजी म्हणतात, म्हणून इथेही त्याचं नाव तेच.

वादातली रुग्ण कुणी खरी नाही. बोलणं हवेत जाऊ नये म्हणून दोघांनी एक कल्पून घेतली आहे : वय ३४, राहणार डोंबिवली, एक मूल, दुसरं हवंय.

वहिनी : माझ्याकडे ती येते ती हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन. उजव्या अंडाशयात सहा-सात सेंटिमीटरची गाठ, काही भाग पाण्याचा, काही घट्ट, 'डरमॉइड असावं' असा शेरा. डरमॉइड आम्ही सतत बघतो. आत केस, चरबी, कधी दातसुद्धा.

मी : पोटात दात कसा येतो, हे मुली वर्गात विचारायच्या आणि मी पुढचा धडा काढायचे.

वहिनी : काढायला नको होता. अंडाशयात बीजपेशी असतात, ज्यांच्यापासून अख्खं बाळ घडू शकतं अशा. त्यातली एखादी, फलन न होताच, स्वतःच वाढायला लागते आणि शरीराचा कुठलाही भाग अर्धामुर्धा घडवते. कातडी, केस, हाड, मेंदूची ऊती. तशी थायरॉइडही. डरमॉइडमध्ये थायरॉइडचा एखादा तुकडा सापडणं नवलाचं नाही. पण गाठीचा निम्म्याहून जास्त भाग थायरॉइडच असेल, तर तिला आम्ही स्ट्रुमा ओव्हरी म्हणतो. अंडाशयाच्या शंभर गाठींत साधारण एखादी.

भाऊजी : आणि त्या स्ट्रुमांपैकी शंभरात पाच ते दहा कॅन्सरच्या. म्हणजे शंभरातल्या निदान नव्वद बायकांचा या वादाशी काही संबंधच नाही. गाठ काढली, विषय संपला. हे आधी सांगून टाका वहिनी, नाहीतर वाचणारी आजच टाटा कॅन्सर रुग्णालयात जाईल.

वहिनी : जाईलच. कारण ही गाठ सोंग घेते. काही बायकांच्या, अगदी तिसऱ्या हिश्शापर्यंत, पोटात पाणी होतं. क्वचित फुप्फुसाभोवतीही. रक्तातली सीए-१२५ ही तपासणी ३५च्या आत हवी, ती शेकड्यांत जाते. पोट फुगलंय, पाणी झालंय, गाठीत घट्ट भाग आहे, सीए-१२५ वाढलंय. आता कुणीही म्हणणार, अंडाशयाचा पसरलेला कॅन्सर. नातेवाईक बाहेर रडताहेत. आणि गाठ काढल्यावर काही आठवड्यांत पाणी आपोआप नाहीसं होतं. गाठ सौम्य निघते.

मी : मग आधी ओळखायचं कसं?

वहिनी : खात्रीनं ओळखता येत नाही. सीटी स्कॅन, एमआरआयमध्ये काही खुणा दिसतात, अनुभवी रेडिऑलॉजिस्टच्या मनात शंका येते, बस. ऑपरेशनमध्ये मात्र कधी कधी गाठच बोलते. डरमॉइड कापलं की पिवळी चरबी आणि केसांचा गुंता. ही कापली की आत हिरवट-तपकिरी, चकचकीत, काकवीसारखं घट्ट काहीतरी. तो थायरॉइडमधला कोलॉइड. भाऊजींना तो रोज दिसतो. माझ्या टेबलावर दिसला तर मी आणि भूलतज्ज्ञ दोघं एकमेकांकडे बघतो.

भाऊजी : आमच्या बाजूनंही एक दार उघडतं. शंभरात पाच ते आठ जणींमध्ये ही गाठ इतकं हार्मोन सोडते, की थायरॉइड वाढल्याची सगळी लक्षणं दिसतात. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं. बाई माझ्याकडे येते. रक्तात हार्मोन भरपूर, पण गळ्याचा आयोडीन स्कॅन केला तर ग्रंथी जवळजवळ झोपलेली. हार्मोन बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ती कशाला काम करेल? अशा वेळी स्कॅन ओटीपोटापर्यंत न्यायचा. तिथे आयोडीन गोळा झालेलं दिसतं. अर्थात मूत्राशयातही आयोडीन असतं, त्यामुळे लघवी करवून पुन्हा बघायचं, नाहीतर फजिती.

पोटातली ही ऊती थायरॉइडचीच आहे आणि ती अशाच बीजपेशींच्या गाठीतून येते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठामपणे दाखवणारा माणूस म्हणजे बर्लिनचा विकृतिशास्त्रज्ञ लुडविग पिक. तोवर हे नेमकं आहे तरी काय यावर डॉक्टरांत गोंधळ होता. निमन-पिक या आजारातला पिक तोच. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्याला थेरेजिएनश्टाटच्या छावणीत डांबलं आणि १९४४ साली तो तिथेच वारला. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव आजारापुरतं उरतं. असो.

मी : ठीक आहे. आपल्या बाईची गाठ काढली. किती काढायचं, इथूनच तुमचं बिनसतं ना?

वहिनी : इथे फारसं नाही. गाठ सौम्य असेल तर नुसती गाठ, नाहीतर त्या बाजूचं अंडाशय आणि नळी. दुर्बिणीनं करता येतं, फक्त गाठ पोटात फुटू द्यायची नाही, पिशवीत घालून बाहेर काढायची. दुसरं अंडाशय नीट बघायचं, कारण डरमॉइड दहातल्या एकीला दोन्ही बाजूंना असतं. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. आपल्याकडे बाई चाळिशीला आली आणि गाठ म्हटलं, की सासू, नवरा, कधी ती स्वतःच म्हणते, 'आता पिशवीच काढून टाका, किटकिट नको.' आणि डॉक्टरही काढतात. स्ट्रुमा सौम्य असेल तर गर्भाशयाचा त्यात काय गुन्हा?

भाऊजी : मान्य. पण आता कॅन्सरवर या.

वहिनी : येते. समजा रिपोर्ट आला : पॅपिलरी कार्सिनोमा, स्ट्रुमाच्या आत, गाठीचं आवरण शाबूत, बाहेर कुठे काही नाही. मी काय करीन? एका बाजूचं अंडाशय आणि नळी आधीच काढली आहे. गर्भाशय आणि दुसरं अंडाशय ठेवीन, कारण तिला मूल हवंय. गळ्याची सोनोग्राफी करवीन. आणि लक्ष ठेवीन. वर्षानुवर्षं.

भाऊजी : 'लक्ष ठेवीन' म्हणजे नेमकं काय, हेच मला कधी कळत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरवर आम्ही लक्ष ठेवतो ते थायरोग्लोब्युलिनवर. हे प्रथिन थायरॉइडच्या पेशीच बनवतात. थायरॉइड पूर्ण काढली की रक्तातलं हे प्रथिन जवळजवळ शून्यावर यायला हवं, आणि पुढे कधी वाढायला लागलं तर कुठेतरी पेशी उरल्यात. पण तुम्ही गळ्यातली ग्रंथी ठेवली, तर ती रोज थायरोग्लोब्युलिन बनवणारच. मग वाढलेला आकडा गळ्याचा की पोटाचा, सांगा कसं ओळखणार?

वहिनी : एकट्या आकड्यावर नाही ओळखणार. पण दर तपासणीला तो चढतच चालला आणि गळ्यात काही नसेल, तर पोट बघीन.

भाऊजी : दुसरं. किरणोत्सारी आयोडीन, आयोडीन-१३१, हे आमचं सगळ्यात नेमकं हत्यार. ते थायरॉइडच्या पेशी शोधून तिथेच जातं, पोटात असोत, फुप्फुसात असोत की हाडात. पण गळ्यात आख्खी ग्रंथी शाबूत असेल तर ती सगळं आयोडीन स्वतःच गिळून टाकते, लपलेल्या पेशींना काय मिळणार? म्हणून आधी ग्रंथी काढायची, मग आयोडीन. मी गळ्यावर वैर धरलेलं नाही वहिनी.

हा मुद्दा ऐकला तेव्हा मला भाऊजींचं म्हणणं पहिल्यांदा समजलं. तोवर 'पोटाच्या आजाराला गळा का कापायचा' एवढंच डोक्यात होतं, आणि बहुतेक नातेवाइकांच्या डोक्यात तेच राहतं.

वहिनी : हत्यार नेमकं आहे, पण मारायचंय कुणाला? तिच्या पोटात काही उरलेलंच नसेल तर? २००९ साली ८८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात २७ जणींचा आजार अंडाशयाबाहेर गेलेला होता, तरीसुद्धा दहा वर्षांनी ८९ टक्के आणि पंचवीस वर्षांनी ८४ टक्के जगल्या. २०१५ साली अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीतल्या ६८ रुग्णांचा अभ्यास आला, तिथे पाच वर्षांचा आकडा ९७च्या जवळ आणि वीस वर्षांचा ८५. हे आकडे सगळ्या उपचारांचे मिळून आहेत, कुणाला जास्त, कुणाला कमी. हा काही दर वेळी तलवार उपसायचा कॅन्सर नाही.

भाऊजी : त्याच ६८ जणींत सहा जणींच्या गळ्यातही थायरॉइडचा कॅन्सर निघाला होता. शंभरात जवळजवळ नऊ. तुम्ही ग्रंथी न काढता तो सोडून देणार?

वहिनी : सोडून कशाला? सोनोग्राफी आहे, सुईची तपासणी आहे. गाठ दिसली तर मीच तुमच्याकडे पाठवीन. आणि तुमच्याच शाखेनं आता हात आखडता घेतलाय की. कोबेच्या कुमा रुग्णालयात १९९३पासून गळ्यातल्या अगदी लहान पॅपिलरी कॅन्सरवर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात. अमेरिकेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत चार सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या कॅन्सरला अर्धी ग्रंथी काढली तरी चालेल म्हणतात. खुद्द गळ्यातल्या कॅन्सरला अर्धी ठेवायची, आणि पोटातल्या कॅन्सरसाठी गळ्यातली निरोगी पूर्ण काढायची?

भाऊजी गप्प बसले. हे क्वचित होतं, म्हणून नोंदवते. पण मग त्यांनी जे काढलं, ते वहिनींना अवघड गेलं.

भाऊजी : अंडाशयातला तो कॅन्सर लहान होता, कमी धोक्याचा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? स्लाइडनं. आणि या आजारात स्लाइड फसवते. पोटाच्या पडद्यावर, वपेवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पदरावर) थायरॉइडच्या ऊतीची बारीक पुटकुळ्यांसारखी पेरणी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती अगदी साधी, निरोगी थायरॉइड. केंद्रक नीट, विभाजन नाही, काही नाही. म्हणून वर्षानुवर्षं तिला सौम्यच म्हणत आले. आता बऱ्याच तज्ज्ञांचं मत बदललंय : गाठीतून सुटून दुसरीकडे रुजणारी ऊती दिसायला कितीही सभ्य असो, तो कॅन्सरच. आणि हा आजार घाई करत नाही. ऑपरेशननंतर दोन-दोन दशकांनी परत आल्याच्या नोंदी आहेत. आपली बाई ३४ वर्षांची आहे वहिनी. साठाव्या वर्षी तिच्या हाडात गाठ सापडली, तर कुणाला आठवणार आहे की हिची सव्वीस वर्षांपूर्वी अंडाशयातली सिस्ट काढली होती? पोटाचा सर्जन नसेल, फाइल नसेल, लॅब बंद पडली असेल.

वहिनी : हे खरं आहे.

भाऊजी : म्हणून २००३ सालच्या आढाव्यानं सरळ सांगितलं होतं : अशा रुग्णांची थायरॉइड काढा आणि आयोडीन द्या.

वहिनी : त्या आढाव्यात रुग्ण किती? जेमतेम दोन डझन, तेही जगभरच्या छापून आलेल्या केसेसमधून गोळा केलेले. आणि छापून काय येतं? ज्यात काहीतरी विपरीत घडलं ते. बरी होऊन मुलाच्या लग्नात नाचलेली बाई कुणी जर्नलला पाठवत नाही.

इथे दोघंही बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे. हा आजार इतका विरळ, की दोन गट करून एका गटाची थायरॉइड काढायची आणि दुसऱ्याची ठेवायची, असा प्रयोग करायला पुरेशा रुग्णच मिळत नाहीत. सगळं ज्ञान एकेका केसमधून जमवलेलं. अशा जागी डॉक्टरचा स्वभाव निर्णयात उतरतो, हे मला या वादातून दिसलं. वहिनींना रुग्णाचं पुढचं बाळंतपण दिसतं. भाऊजींना वीस वर्षांनंतरचा स्कॅन दिसतो.

मी : आयोडीन द्यायचं ठरलं, तर बाईच्या वाट्याला नक्की काय येतं? कागदावर 'आयोडीन द्या' दोन शब्दांत होतं.

भाऊजी : आधी थायरॉइड काढायची. तिच्या मागे चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्या आणि आवाजाची नस जपायची. चांगल्या हातांत कायमची इजा थोड्यांनाच होते, पण होतच नाही असं म्हणणारा सर्जन खोटं बोलतो. मग थायरॉक्सिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. आयोडीन द्यायच्या आधी ती गोळी तीन-चार आठवडे बंद, म्हणजे टीएसएच ३०च्या वर जातं आणि उरल्यासुरल्या पेशी आयोडीनला भुकेल्या होतात. नाहीतर त्यासाठी इंजेक्शनं असतात, पण महागडी.

वहिनी : त्या चार आठवड्यांत बाई कशी असते ते सांगा की. सुजलेली, थकलेली, थंडी वाजणारी. अशात घरचा स्वयंपाक तिनेच करायचा, आणि स्वतःसाठी वेगळा. कारण आयोडीनचं मीठ बंद, बोंबील-सुकट बंद, अंड्याचा बलक बंद, दूध-दही अगदी कमी. ठाण्याच्या खाडीकाठी आपण मिठागरं बघत वाढलो, पण आज दुकानात खायचं म्हणून मिळतं ते मीठ कायद्यानं आयोडीनयुक्तच. बिनआयोडीनचं मीठ कुठून आणायचं, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात, आणि मी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाकडे बोट दाखवते.

भाऊजी : तरी आपली माणसं नशीबवान. परळला, टाटाच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होणारं आयोडीन-१३१ तासाभराच्या अंतरावर. त्याची ताकद आठ दिवसांत निम्मी होते, म्हणून अंतराला फार किंमत आहे. मुंबईत त्या काळी जे उभं राहिलं, ते देशात किती ठिकाणी होतं?

वहिनी : परळ नशीब, हे खरं. परळहून डोंबिवलीला परत येणं हे काय? ३० मिलिक्युरीहून जास्त मात्रा दिली तर तिला वेगळ्या खोलीत ठेवतात, किरणोत्सर्ग ठरलेल्या पातळीखाली आला की सोडतात. घरी जाताना सूचना असतात : काही दिवस लहान मुलांपासून, गरोदर बायकांपासून लांब राहा, वेगळं झोपा, संडासात दोनदा पाणी सोडा. आता ती संध्याकाळच्या लोकलनं निघाली. लेडीज डब्यात दादरला जी गर्दी चढते तिच्यात कोण किती महिन्यांची आहे, तिला काय कळणार? घरी गेली तर वन आरके, पाच वर्षांचं पोर गळ्यात पडायला तयार. आणि चाळीत राहत असेल तर संडास सामायिक. तुमची सूचनांची चिठ्ठी तीन बेडरूमच्या घरासाठी लिहिलेली आहे भाऊजी.

भाऊजी : म्हणून आयोडीनच द्यायचं नाही? चार दिवस माहेरी पोराला पाठवा, टॅक्सी करा. कॅन्सरच्या बाईला आपण टॅक्सीसाठी उपचार नाकारायचा का?

वहिनी : नाकारायचा नाही. पण ज्याचा फायदा सिद्ध नाही, असा उपचार देताना हा हिशेब धरायचा. आणि आयोडीननंतर निदान सहा महिने, बरेच डॉक्टर वर्षभर म्हणतात, दिवस राहायला नकोत. ती ३४ वर्षांची. एकच अंडाशय उरलेलं. तिचं वर्ष तुमच्या-माझ्या वर्षासारखं नाही.

हे बोलणं असंच चाललं असतं. ते थांबलं एका साध्या प्रश्नावर, आणि तो विचारल्याचं श्रेय मी घेते.

मी : तुम्ही दोघं ज्या रिपोर्टवर भांडताय, तो बरोबर आहे हे कुणी बघितलं?

भाऊजी : बरोबर विचारलंस ताई. तो कुणीही एकट्यानं ठरवू नये. अंडाशय बघणारा पॅथॉलॉजिस्ट थायरॉइड रोज बघत नाही, आणि थायरॉइडवाला अंडाशय बघत नाही. गाठीचे मेणातले मूळ ब्लॉक मागवायचे, दोघांनी बघायचे. ऊती थायरॉइडचीच आहे हे पक्कं करायला थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१चे रंग. नाहीतर अंडाशयातला दुसराच एखादा कॅन्सर थायरॉइडसारखा दिसतो, किंवा गळ्यातला कॅन्सर अंडाशयात उतरलेला असतो. मग कॅन्सरचा भाग किती मोठा, आवरण फुटलंय का, रक्तवाहिन्यांत शिरलाय का, बीआरएएफ हा जनुकीय बदल आहे का.

वहिनी : आणि पोटाचा पडदा, वपा, दुसरं अंडाशय ऑपरेशनमध्ये नीट बघितलं होतं का. ही माझी जबाबदारी, आणि ती नेहमी पार पडतेच असं नाही. डरमॉइड समजून दुर्बिणीनं वीस मिनिटांत गाठ काढलेली असते, वरचं पोट कुणी बघितलेलंच नसतं.

भाऊजी : आवरण शाबूत, भाग लहान, बाहेर काही नाही, गळ्याची सोनोग्राफी साफ, आणि बाईला मूल हवंय. असं असेल तर मी थांबायला तयार आहे.

वहिनी : आणि गाठ मोठी, किंवा आवरण फुटलेलं, किंवा अंडाशयाबाहेर एक कणही सापडला, तर मी स्वतः तिला तुमच्याकडे आणीन. मूल हवं असलं तरी. आधी बीजांडं जतन करायची का, एवढं विचारून.

भाऊजी : हे आधी म्हणाला असतात तर जेवण गरम मिळालं असतं.

वहिनी : तुम्ही 'लगेच काढा' म्हणणं आधी सोडलं असतंत तर.

मध्यम धोक्याच्या बायकांबद्दल दोघांचं अजून जमलेलं नाही. चार सेंटिमीटरचा भाग, आवरण शाबूत, पण रक्तवाहिनीत एका ठिकाणी शिरकाव : यावर वहिनी थांबतात, भाऊजी थांबत नाहीत. अशा वेळी मला स्वतःला विचाराल तर मी भाऊजींकडे झुकते, कारण वीस वर्षं सलग तपासणीला जाणारी बाई मी आमच्या गल्लीत पाहिलेली नाही. पहिली दोन वर्षं सगळ्या जातात. मग पोराची दहावी येते, सासऱ्यांचा पाय मोडतो, आणि सोनोग्राफी पुढच्या महिन्यावर जाते. वहिनींचा मार्ग बरोबर आहे, पण तो चालायला शिस्त लागते, आणि ती शिस्त एकट्या बाईवर टाकून चालणार नाही. नवऱ्याच्या मोबाइलमध्येही तारीख हवी.

तुमची किंवा घरातल्या कुणाची अंडाशयातली गाठ काढली असेल, डरमॉइड असो, साधी सिस्ट असो, तर एवढं करा. ऑपरेशननंतर ट्रेमध्ये गाठ दाखवतात, तेव्हा ती तपासणीला पाठवताय ना, हे तिथेच विचारा. काही ठिकाणी हजार-दोन हजार वाचवायला ती पाठवतच नाहीत. बायोप्सीचा रिपोर्ट आला की तो स्वतः वाचा. 'थायरॉइड' हा शब्द कुठे दिसला तर डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारा आणि गळ्याची सोनोग्राफी करून घ्या. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स घरात ठेवा. गाठीचे मेणातले ब्लॉक ज्या लॅबमध्ये आहेत तिचं नाव आणि ब्लॉकचा नंबर त्यावर लिहा, आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट न नेता ब्लॉक मागून न्या. मागितल्यावर ते मिळतात.